बांबूच्या जुन्या फ्लाय रॉडची किंमत आणि डागडुजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाय म्हणजे पिसे, केस आणि रेशीम गुंडाळून गळावर बांधलेली खोटी माशी, आणि ती पाण्यावर अलगद उतरवण्यासाठी जी लवचीक काठी वापरतात ती फ्लाय रॉड. इंग्लंड-अमेरिकेत साधारण १८७० ते १९५० या काळात अशा उत्तम काठ्या बांबूच्याच असत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना त्या जुन्या घरांच्या सामानविक्रीत सापडतात. भारतात त्या क्वचित एखाद्या वनअधिकाऱ्याच्या किंवा रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांच्या माळ्यावरून खाली येतात. पुढील उत्तरांत काठीच्या भागांना बुडखा, मधला आणि शेंडा म्हटले आहे, धातूच्या जोडनळीला सांधा आणि दोरी ओवण्याच्या वळ्यांना कड्या.

काठी बांबूची आहे म्हणजे अख्ख्या वेळूची आहे का?

नाही. अख्ख्या वेळूच्या काठ्याही असत, परंतु ज्यांना आज मोल आहे त्या चिरलेल्या बांबूच्या असतात. वेळू उभा चिरून त्याच्या कामट्या काढतात, प्रत्येक कामटी साठ अंशांच्या त्रिकोणी छेदात रंधून बुडाकडून शेंड्याकडे बारीक करत नेतात आणि अशा सहा कामट्या सरसाने चिकटवतात. बोटाने चाचपल्यास काठी गोल न लागता षट्कोनी लागते. वेळूचे बळ त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते, आत गेल्यावर गर पोचट होत जातो. बुरूडकाम जवळून पाहिलेल्या वाचकाला हे सांगण्याची गरज नाही. सहा त्रिकोण एकत्र आले की सहाही बाजूंना बाहेर साल आणि आत गर अशी रचना होते, म्हणूनच शेंड्याकडे उदबत्तीच्या काडीइतकी बारीक झालेली काठीसुद्धा मोठ्या माशाचा ओढा सहन करते. काठी गोल, गुळगुळीत आणि जड असेल, तर ती ग्रीनहार्ट या दक्षिण अमेरिकी लाकडाची असण्याचा संभव आहे. तिचे बाजारमूल्य सहसा कमी असते.

‘कलकत्ता केन’ आणि ‘टोंकिन केन’ यांत काय फरक आहे?

प्रारंभीच्या काठ्यांचा बांबू भारतातून कलकत्ता बंदरामार्गे जात असे, म्हणून तो कलकत्ता केन. हा बहुधा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, म्हणजे विदर्भाच्या जंगलांतला आपला मानवेल, असे मानले जाते. त्यावर अनेकदा भाजल्याचे काळे-तपकिरी डाग दिसतात आणि जुन्या काठीची ती एक खूणच ठरली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्याची जागा दक्षिण चीनमधील बांबूने घेतली. व्यापाऱ्यांनी त्याला टोंकिन म्हटले, पण तो व्हिएतनाममधील टोंकिनचा नसून ग्वांगडोंग प्रांतातील सुई नदीच्या खोऱ्याचा आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्लूर यांनी १९३१ मध्ये त्याला अरुंडिनारिया अमाबिलिस हे नाव दिले. अमाबिलिस म्हणजे लोभस. त्याची पेरे फारशी फुगीर नसतात आणि दाट तंतूंचा थर जाड असतो, त्यामुळे तो सरळ चिरतो.

हा इतिहास किमतीशी थेट जोडलेला आहे. डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तो १९७१ पर्यंत बंदच राहिला. ज्या कारागिरांकडे आधीचा साठा होता तेच टिकले. बाकीचे काचतंतूच्या काठ्यांकडे वळले किंवा दुकान बंद करून मोकळे झाले. १९७३ मध्ये ग्रॅफाइटची काठी बाजारात आली, तोवर बांबू ही जुन्या वळणाच्या लोकांची आवड उरली होती.

काठी कोणी बनवली हे कसे ओळखावे?

मुठीच्या लगेच वरच्या बांबूवर शाईने लिहिलेली अक्षरे, चिकटचित्र किंवा रिळाच्या, म्हणजे दोरी गुंडाळण्याच्या चक्राच्या, बैठकीवरील कोरीव नाव प्रथम शोधावे. तिरप्या प्रकाशात, भिंगाखाली, वार्निशच्या आत बुडालेली फिकट अक्षरेही वाचता येतात. नाव नसेल तर बैठकीचा आकार, मुठीची घडण, मूठ जिथे संपते तेथील धातूची टोपी, सांध्याची ठेवण आणि कड्या बांधलेल्या रेशमाचे रंग यांवरून जाणकार कारखाना सांगतात. सांध्यांचा धातू पांढुरका, काळवंडलेला आणि कुठेही पिवळा न दिसणारा असेल तर तो जर्मन सिल्व्हर आहे व काठी चांगल्या प्रतीची असण्याची शक्यता वाढते. घासलेल्या कडेवर पितळ डोकावत असेल तर तो मुलामा आहे.

माझ्या काठीची किंमत किती?

बहुतेक पत्रांत हाच प्रश्न असतो, आणि बहुतेकांना उत्तर आवडत नाही. बांबूची काठी केवळ जुनी आहे म्हणून मौल्यवान ठरत नाही. मॅसॅच्युसेट्सची माँटाग, न्यूयॉर्क राज्यातील युटिकाची हॉरॉक्स-इबॉट्सन आणि इंडियानाची साउथ बेंड या कारखान्यांनी यंत्रावर अक्षरशः ढिगाने काठ्या काढल्या. त्या बहुधा नऊ फुटी, तीन भागांच्या आणि दोन शेंड्यांच्या (एक शेंडा जादाचा) असतात, आणि बऱ्या अवस्थेत असल्या तरी साधारण पन्नास ते दोनशे डॉलरच्या आसपास जातात. त्यांच्या वरच्या पायरीवर मिशिगनची हेडन आणि डेन्व्हरची ग्रेंजर येतात. ग्रेंजरची काठी चांगल्या स्थितीत काही शे डॉलर मिळवते आणि माझ्या मते पैशाच्या मानाने मासेमारीस तिच्याइतकी उत्तम जुनी काठी दुसरी नाही. बाजाराला हे अजून पुरते उमगलेले नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

सर्वांत वर व्यक्तीची नावे आहेत. हायरम लिओनार्ड यांनी मेन राज्यात सहा कामट्यांची काठी धंद्याच्या प्रमाणावर बनवली, कामट्या कापण्याचे यंत्र तयार केले आणि १८८१ मध्ये कारखाना न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल व्हॅली येथे नेला. त्यांच्या हाताखाली शिकलेले एडवर्ड पेन, फ्रेड थॉमस, युस्टिस एडवर्ड्स पुढे स्वतंत्र झाले. संगीतातल्या घराण्याप्रमाणे ही परंपरा पुढे चालली. एव्हरेट गॅरिसन (१८९३–१९७५) हे पेशाने अभियंते, त्यांनी काठीचा निमुळतेपणा गणिताने काढला आणि आयुष्यभरात हजारही काठ्या बनवल्या नाहीत. पेन, गॅरिसन किंवा त्यांच्याच तोडीचे कारागीर गिलम यांची निर्दोष काठी काही हजार डॉलरला जाते.

एकाच कारखान्याच्या दोन काठ्यांतही लांबीने मोठा फरक पडतो. सात ते आठ फुटांची काठी लहान ओढ्यांवर वापरता येते, म्हणून तिला गिऱ्हाईक अधिक. नऊ फुटीला तुलनेने कमी. त्यानंतर पाहतात ते दोन्ही शेंडे पूर्ण लांबीचे आहेत का, मूळ कापडी पिशवी आणि काठी ठेवण्याची धातूची नळी सोबत आहे का, आणि कुणी नंतर हात लावलेला आहे का. एक शेंडा आखूड असेल तर किंमत तिसऱ्या हिश्श्यानेही उतरू शकते. दोन्ही आखूड असतील तर ती काठी संग्राहकाची राहिली नाही असे समजावे.

लाकडी पेटीत, रंगीबेरंगी दोऱ्यांनी गुंडाळलेल्या अनेक भागांची जपानी काठी सापडली आहे. ती दुर्मीळ आहे का?

नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांनी भेट म्हणून अशा पेट्या मोठ्या संख्येने घरी नेल्या. पेटी देखणी असते. भिंतीवर लावावी.

भारतात सापडलेल्या ब्रिटिश काठीबद्दल काय सांगता येईल?

इथे बहुधा नाव निघते ते इंग्लंडमधील अ‍ॅनिक गावच्या हार्डी ब्रदर्सचे. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या या पेढीने चिरलेल्या बांबूच्या काठ्यांना ‘पालाकोना’ हे व्यापारनाव दिले होते. नद्यांतील महसीर माशाच्या, म्हणजे आपल्या खडशीच्या, मागे लागलेल्या साहेबांसाठी तिच्या सूचिपत्रांत वेगळा माल असे. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ सालचे आहे. यावरून हा नाद किती जुना ते कळेल. पुढे काश्मीर, कुलू आणि निलगिरीच्या थंड पाण्यात ट्राउट मासा रुजवला गेला, आणि फ्लायच्या हलक्या काठ्यांना इथे खरे काम मिळाले.

हार्डीच्या काठीवर मुठीजवळ क्रमांक असतो व त्यावरून वर्षाचा अंदाज लागतो, त्यामुळे तो भाग घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. मात्र महसीरसाठी आलेल्या काठ्या बहुधा बारा ते सोळा फुटी, दोन हातांनी फेकण्याच्या आणि जड असतात. आज त्या वापरणारे थोडे, त्यामुळे आठ फुटी हार्डीपेक्षा चौदा फुटी हार्डी पुष्कळ स्वस्त मिळते. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत पन्नास पावसाळे काढलेल्या काठीचा सरस बहुधा सैल पडलेला असतो.

शेंडा तुटून आखूड झाला आहे की मूळचाच तेवढा आहे, हे कसे ठरवावे?

काठीचे भाग शेजारी शेजारी टेबलावर ठेवून बुडे एका रेषेत आणावीत. थोडे अपवाद वगळता निर्मात्याने सर्व भाग सारख्या लांबीचे केलेले असतात, कारण ते एकाच पिशवीत जायचे असतात. एक शेंडा दुसऱ्यापेक्षा दोन-तीन इंच कमी भरला तर तो कधीतरी तुटला आणि टोकाची कडी पुन्हा खाली बसवली गेली. दोन्ही शेंडे सारखेच आखूड असतील तर मधल्या भागाशी तुलना करावी. दुसरी खूण म्हणजे शेवटची कडी आणि टोकाची कडी यांतील अंतर. कड्या टोकाकडे क्रमाने जवळ येत जातात, आणि हा क्रम अचानक तुटलेला दिसला तर तिथे काहीतरी झाले आहे. विक्रीच्या छायाचित्रात भाग एकावर एक तिरपे ठेवलेले दिसले, तर विक्रेत्याकडे सरळ ठेवलेले छायाचित्र मागावे. मी एकदा मागितले नव्हते, आणि घरी आलेला शेंडा साडेतीन इंच आखूड निघाला.

सांधा अडकला आहे, निघत नाही. काय करावे?

सर्वप्रथम पिळणे थांबवावे. ही सूचना उशिरा पोचते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. माझ्या पहिल्या काठीचा सांधा मी बरणीचे झाकण फिरवावे तसा फिरवला, एक बारीक ‘कट’ असा आवाज आला, आणि सांध्याच्या वर इंचभर अंतरावर सहाही कामट्यांत पीळ बसला. धातू सुटला नाही. बांबू सुटला.

सांधा सरळ रेषेत ओढूनच सुटला पाहिजे. दोघांनी समोरासमोर उभे राहावे, प्रत्येकाने एक हात सांध्याच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे ठेवावा आणि एका ठोक्याला ओढावे, म्हणजे दोन्हींकडचा जोर सारखा पडतो. एकटे असाल तर काठी गुडघ्यांमागे आडवी धरून, हात पायांच्या बाहेरून नेऊन, गुडघे हळूहळू फाकवावेत. कड्यांना धरू नये. तरीही न सुटल्यास सांधा बर्फाने थंड करून मग फक्त बाहेरची नळी तळहातात धरून उबवावी. ती किंचित प्रसरण पावते आणि आतली दांडी अजून थंड असते. ज्योत लावू नये, कारण सांधा ज्या सरसाने बांबूवर बसवला आहे तो धातू सुटण्याआधी वितळतो.

अडकण्याचे कारण बहुधा साधे असते, ते म्हणजे नळीत साचलेला मळ आणि धातूवरची काळी पुटे. कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून नळी आतून पुसावी, आणि काडी पांढरी बाहेर येईपर्यंत थांबू नये. उत्तम सांधा वेगळा करताना बाटलीचे बूच निघावे तसा ‘पॉक’ असा आवाज येतो.

सांधा सैल असेल तर नळी चिमट्याने दाबून घट्ट करावी का?

कदापि नाही. नळी लंबगोल होते, दोन ठिकाणी घट्ट बसते आणि काही दिवसांत चिरते. अमेरिकी सांध्यांचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. म्हणजे तेरा क्रमांकाचा सांधा हा इंचाच्या तेरा चौसष्टांश जाडीचा. यावरून किती बारीक फरकाचा हा मामला आहे हे लक्षात यावे. तात्पुरता उपाय म्हणून दांडीवर मेणाचा अगदी पातळ हात फिरवावा. कायमचा उपाय सांधे घडवणाऱ्या कारागिराकडेच आहे.

वार्निश उडाले आहे, दोरे सुटले आहेत. सगळे खरवडून नव्यासारखे करावे का?

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळाला पिवळा तैलरंग फासला जातो, आणि फासणाऱ्यांची श्रद्धा खरी असते. काठीचेही तेच होते. नामवंत निर्मात्याच्या काठीवरील मूळ वार्निश, भेगाळलेले असले तरी, हा पुरावा असतो, आणि अक्षरांसकट ते खरवडले की पुरावा गेला. अशा काठीवर सुटलेला दोरा जुळत्या रंगाने बांधणे आणि उघड्या पडलेल्या बांबूवर वार्निशचा थेंब लावणे इतपतच करावे. याउलट साध्या कारखान्याची काठी मासेमारीसाठी हवी असेल तर ती खुशाल संपूर्ण नव्याने करावी. तिथे नुकसान होण्यासारखे मोल नाही, आणि हात बसवायला तीच योग्य. तथापि हे काम बाहेरून करून घेण्याचा खर्च काही शे डॉलर, म्हणजे काठीच्या किमतीहून अधिक येतो, हे आधीच समजून घ्यावे.

स्वतः करताना पॉलिश पेपर बांबूला लावू नये. वर सांगितल्याप्रमाणे बळ सालीलगतच आहे, आणि शेंड्याकडे कामटी मुळातच इतकी बारीक असते की चार हात घासले की काठीचा स्वभाव बदलतो. जुने वार्निश बोथट पात्याच्या पाठीने, कामटीच्या सपाट बाजूवर लांबीच्या दिशेने, पापुद्र्यासारखे काढावे. बांधणीसाठी रेशीमच घ्यावे. यात एक गंमत आहे. सुक्या रेशमावर सरळ वार्निश लावले की धागा काचेसारखा पारदर्शक होतो आणि खालचा बांबू दिसू लागतो. पिवळे रेशीम जवळजवळ नाहीसे होते, लाल गडद मातकट होते. रंग टिकवायचा असेल तर वार्निशच्या आधी रंगरक्षक द्रवाचा हात द्यावा लागतो. जुन्या दोऱ्याचा रंग जुळवताना म्हणूनच रिळावरचा रंग पाहून उपयोग नाही. एका टाकाऊ कामटीवर बांधून, वार्निश लावून, वाळवून मगच पाहावे. वार्निश जहाजांच्या लाकडाला लावतात त्या जातीचे, पातळ थरांत द्यावे आणि काठी वापरण्याआधी काही आठवडे टांगून ठेवावी.

ऑर्व्हिस या व्हरमाँटमधील पेढीच्या १९४६ नंतरच्या अनेक काठ्या वेगळ्या आहेत. कारागीर वेस जॉर्डन यांनी बांबूत बेकेलाइटसारखे रेझिन मुरवण्याची पद्धत काढली, त्यामुळे त्यांवर वार्निश नसतेच आणि लावूही नये. मऊ फडक्याने घासले की त्यांची झळाळी परतते.

काठीला बाक आला आहे. तो काढता येतो का?

वर्षानुवर्षे मासे ओढल्याने किंवा कोपऱ्यात तिरपी टेकवून ठेवल्याने बाक येतो. थोडा बाक काठीच्या कामात आड येत नाही. तसा तो नसेल तर काठी वापरलीच गेली नसेल. जास्त असल्यास उष्णतेने बांबू मऊ करून सरळ करतात, पण जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना सरस त्याच उष्णतेने ढिला होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कृत्रिम रेझिनचे सरस आले, त्यानंतरच्या काठ्या अधिक सोसतात. काठी कोणत्या काळातली ते कळल्याशिवाय तिला उष्णता दाखवू नये.

कामट्या एकमेकींपासून सुटल्या आहेत. चिकटवता येतील का?

थोड्या अंतरात, स्वच्छ फट असेल तर येतात. फटीत पातळ सरस मुरवून दोरा करकचून गुंडाळतात आणि काठी सरळ ठेवून वाळवतात. घरातला अ‍ॅराल्डाइट फटीवर लिंपणे ही दुरुस्ती नव्हे. तो आत पोचत नाही आणि पुढे खऱ्या कारागिराची वाट मात्र बंद करतो. फट मध्यापर्यंत आणि हातभर लांब असेल तर तो भाग नव्याने बनवणे हाच मार्ग उरतो, आणि नवा भाग हा मूळ भाग नव्हे हे विक्रीच्या वेळी लिहून द्यावे.

अशा काठीने मासेमारी करावी का, आणि दोरी कोणती घ्यावी?

सांधे घट्ट, कामट्या बंद आणि कड्यांना खाचा नसतील तर जरूर करावी. जुन्या काठ्यांवर ‘एचडीएच’ अशी अक्षरे आढळतात. ती दोरीच्या जाडीची खूण आहे. एच म्हणजे ०.०२५ इंच, डी म्हणजे ०.०४५ इंच, अर्थात दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये जाड अशी दोरी. ही मापे रेशमी दोरीची होती. १९६१ पासून दोरी वजनाने मोजतात, आणि एचडीएच म्हणजे साधारण सहा क्रमांकाची दोन्हीकडे निमुळती दोरी, एचईएच म्हणजे पाच. शंका असल्यास एक क्रमांक हलकी घ्यावी. गळ झाडात अडकला तर काठीने झटके न देता दोरी हाताने ओढावी. शेंडे माशांपेक्षा झाडांनीच अधिक मोडलेले आहेत.

ठेवायची कशी?

कापडी पिशवीत घालून उभी टांगावी. धातूच्या नळीत ठेवायची असल्यास पिशवी आणि काठी दोन्ही पूर्ण कोरड्या असाव्यात, कारण ओली पिशवी बंद नळीत राहिली की महिन्याभरात वार्निशवर कापडाच्या विणीचा ठसा उमटतो आणि तो पुसून जात नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर नळीचे झाकण उघडेच ठेवावे. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काठी तासभरही ठेवू नये. सांधे जोडताना नाकाच्या बाजूला बोट फिरवून तेवढाच तेलकटपणा दांडीला लावण्याची जुनी रीत आहे. मी ती पाळत नाही, कारण तोच मळ पुढे सांध्याच्या नळीत साचतो.